डोंगरावरचं बोलावणं

आमच्या यांना मायक्रॉन कळतो, पण स्वतःचं वय कळत नाही. बासष्टाव्या वर्षी, मे महिन्यात, सकाळी सहाला मदनमहलची टेकडी धापा टाकत चढणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं? विचारलं तर म्हणायचे, “प्रॅक्टिस करून राहिलो. वर हवा विरळ असते.” वर म्हणजे कुठं, तर सातासमुद्रापलीकडच्या एका डोंगरावर, जिथं एक भलीमोठी दुर्बीण उभी राहते आहे. तिचा करंगळीएवढा एक भाग जबलपूरला आमच्या वर्कशॉपमध्ये बनत होता, आणि यांची पक्की खात्री होती की एक दिवस त्या डोंगरावरून यांना बोलावणं येणार.

मी त्यांची बायको, आणि त्याच वर्कशॉपमधली इन्स्पेक्टर. म्हणजे दिवसभर त्यांचं काम तपासायचं आणि घरी आल्यावर त्यांना. दोन्हींत घरचं काम जास्त कटकटीचं.

आम्ही दोघंही इथल्या एका संरक्षण कारखान्यातून रिटायर झालेलो. सासरे भंडाऱ्याकडून भरती व्हायला आले आणि इथलेच होऊन गेले. हे अप्रेंटिस म्हणून लागले आणि फिटर म्हणून बाहेर पडले. माझं माहेर इथल्याच दीक्षितपुऱ्यातलं, वडील पोस्टात, घरात पुस्तकी मराठी. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं यांचं ‘काहून’ आणि ‘जाऊन राहिलो’ दुरुस्त करण्यात गेली. मग मीच तसं बोलायला लागले आणि तो विषय संपला. कारखान्यात मी तपासणी विभागात होते. जे बनेल ते मोजायचं, मापात बसलं नाही तर परत पाठवायचं. माझ्या पाठीमागे लोक मला काय काय म्हणायचे ते मला माहीत आहे. त्यातलं फारसं खोटं नव्हतं.

आमच्याकडे एक जुनी रीत होती. फिटर जे जोडकाम करी त्याच्या एखाद्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशी आपली खूण पंचानं ठोकी. कुणाची तिरपी रेघ, कुणाचे दोन ठिपके. यांची खूण तीन ठिपके, त्रिकोणात. माल बाहेर गेल्यावर कुठं वाळवंटात नाहीतर वर बर्फात काही अडलं, की तिकडून खूण कळवायचे आणि ज्याची खूण असेल त्याला हत्यारांची पेटी देऊन पाठवायचे. दोन-दोन आठवडे. ही मंडळी परत येताना जर्दाळू आणायची, बर्फातले फोटो आणायची, आणि पुढं सहा महिने कँटीनमध्ये तेच पुराण लावायची.

यांना एकदाही बोलावणं आलं नाही. कारण यांचं काम कधी अडलंच नाही. ज्यांनी कसंबसं उरकलं ते जग बघून आले आणि हे बसले व्हाइसच्या शिकंज्याला चिकटून. यांची सगळ्यात लांबची सरकारी ड्यूटी याच जिल्ह्यातल्या कुंडमची, तीही निवडणुकीच्या पेट्यांबरोबर. एक रात्र शाळेच्या बाकावर झोपून आले आणि आठवडाभर कंबर धरून बसले. बाकीच्यांच्या गोष्टी ऐकून हे नुसते “अच्छा, अच्छा” करत. मला वाटायचं, यांना त्याचं काही नाही.

रिटायर झाल्यावर तीन महिने हे घरी बसले. घरातल्या प्रत्येक कडीला, बिजागरीला, माझ्या शिलाई मशीनला, शेजाऱ्यांच्या फाटकाला तेल घालून झालं. मी भाजी चिरत असले की बाजूला उभं राहून तुकडे सारखे नाहीत म्हणून सांगत. माझ्या अगदी नाकी नऊ आले होते. त्याच सुमाराला रिछाईच्या इंडस्ट्रियल एरियातला एक वर्कशॉपवाला घरी आला. वयानं आमच्या मुलाएवढा, उत्साही, बोलायला गोड. त्याला दुर्बिणीचं काम मिळालं होतं आणि हातानं शेवटचं फिनिशिंग करणारा जुना फिटर पाहिजे होता. यांना आकाश ठेंगणं झालं. मी म्हटलं, हे एकटे गेले तर त्या पोराचं काही खरं नाही, मोजायला कुणीतरी पाहिजे. तशी मीही लागले.

दुर्बीण म्हटली की मला डोळ्याला लावायची नळी आठवायची. ही तसली नव्हे. हिला नळीच नाही. हिचं सगळं महत्त्व आरशात, आणि आरसा एखाद्या मंगल कार्यालयाच्या हॉलएवढा रुंद. एवढा अखंड आरसा बनवणं कुणाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून शेकडो षटकोनी तुकडे करून फरशीसारखे शेजारी शेजारी बसवायचे, आणि असे बसवायचे की सगळे मिळून एकच आरसा झाला पाहिजे. प्रत्येक तुकड्याच्या पाठीमागे त्याला तोलून धरणारा एक सांगाडा असतो. त्या सांगाड्याच्या सांध्यांत आमची पिन आणि आमचं बुश. बुश म्हणजे धातूची छोटी पोकळ बाही, आणि तिच्यात फिरते ती पिन. पिन ढिली झाली तर आरशाचा तुकडा हलणार, घट्ट झाली तर त्याला ताण बसणार. आणि ताण बसलेल्या आरशात तारा फाकलेला दिसतो म्हणे. मी काही पाहिलेला नाही.

हे काम मोजायचं तर खोलीचं तापमान दिवसभर एकसारखं लागतं, कारण धातू उन्हाळ्यात फुगतो. त्यासाठी मालकानं पत्र्याच्या शेडमध्ये काचेची एक खोली केली आणि तिला एसी लावला. झालं. अख्ख्या शेडमधला तो एकच एसी. जो तो काही ना काही निमित्त काढून आत यायचा. “दीदी, बस दो मिनट.” मालक स्वतः खोव्याची जिलबी घेऊन आत आला आणि पाकाच्या बोटांनी माझं मायक्रोमीटर उचलून बघायला लागला. मी ते हातातून काढून घेतलं आणि त्याला बाहेर जाऊन हात धुवायला सांगितलं. मालक असला म्हणून काय झालं? दार उघडं राहिलं की माझं मोजमाप बिघडायचं, लाइट गेली की सगळं पुन्हा थंड व्हायची वाट बघत बसायचं, आणि वर यांचं रोज एक नवं खूळ.

पहिलं खूळ पासपोर्टचं. फॉर्म भरला, फोटो काढला, पोलीस घरी चौकशीला आला तेव्हा त्याला चहा पाजून दुर्बिणीची सगळी हकीकत सांगितली. मग नेपियर टाउनला डॉक्टरकडे जाऊन छाती तपासून आले. मग भर मे महिन्यात कुठून तरी कानटोपी आणि लोकरीचे हातमोजे पैदा केले. दुकानदारानं गोदामातून काढून दिले म्हणे. गल्लीत बातमी यांनीच पसरवली होती, त्यामुळे भाजीवाल्यापासून सगळे मला विचारायचे, भाईसाहेब कधी निघाले? शेजारच्या काकूंनी तर निरोप दिला की तिथून शनी नीट बघून या, थोरल्याला साडेसाती चालू आहे.

“अहो, कुणी बोलावलंय तुम्हाला?” मी विचारलं.

“बोलावतीन ना. जोडकाम आहे. जोडकामाले माणूस लागतेच.”

“तिथं माणसं नाहीत का?”

“आहेत. पण काम कोणाचं आहे?” असं म्हणून हे बूट घालून टेकडीकडे चालते झाले.

आता आमच्याकडे पहिला लॉट आला तो चाळीस जोड्यांचा, नमुन्याचा. पिना ग्राइंडिंग होऊन मापात यायच्या. बुशाचं भोक मशीनवर जवळजवळ पूर्ण व्हायचं, केसभर शिल्लक ठेवलेलं. ते केसभर यांनी बारीक पेस्ट लावून हातानं घासून काढायचं. किती घासायचं ते गेज सांगतो. गेज म्हणजे दोन टोकांची एक दांडी. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तेवढं झालं की थांबायचं. असं केलं की चाळीसही बुशं एका मापाची होतात आणि कुठलीही पिन कुठल्याही बुशात बसते. यात समजायला अवघड असं काही नाही, आणि यांनी आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही.

मी पहिल्या पाच जोड्यांना गेज लावला. मापात होत्या. सहावीच्या वेळी हे स्वतःच काचेच्या खोलीत आले, बुश स्वच्छ पुसलं, वर धरलं आणि वरून पिन नुसती सोडली. ती आपल्याच वजनानं खाली उतरायला लागली. हळूहळू, आवाज न करता, मधे कुठं न अडकता. तळाशी जाऊन थांबली. “पाहा वं,” हे म्हणाले. असं काम मी शेकड्यांनी पाहिलेलं आहे, तरी दर वेळी हातातलं काम थांबतं. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा अभिमान वाटला.

सहावीपासूनच्या पस्तीस जोड्यांना मी गेज लावला नाही. हे पिन सोडून दाखवायचे आणि मी त्या जोडीच्या तपासणीच्या कार्डावर ‘मापात आहे का’ या शेवटच्या रकान्यात ‘होय’ लिहून सही करायची. बुशाच्या तळाशी यांचे तीन ठिपकेही दिसले, आणि त्यांच्या बाजूला बारीक रेघा, कुठं एक, कुठं दोन, कुठं एकमेकींवर आडव्या. तशाच पिनेच्या टोकावर. ड्रॉइंगमध्ये असली कुठलीही खूण करायची नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. जुनी सवय, जाऊ दे, असं म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी तो लॉट त्याच्या टेबलावर नेऊन ओतला असता.

जूनमध्ये दुर्बिणीच्या प्रकल्पाकडून एक मॅडम तपासणीला आल्या. इंजिनियर, पस्तिशीच्या, दक्षिणेकडच्या, हिंदी जपून बोलायच्या. यांनी सकाळी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू मॅडम तिकीट घेऊनच आल्या आहेत. मॅडमनी हातमोजे चढवले, डबा उघडला, सगळ्या पिना एका ट्रेमध्ये ओतल्या, सगळी बुशं दुसऱ्या ट्रेमध्ये, आणि दोन्ही ट्रे आपण तांदूळ हलवतो तसे हलवले.

“मैडम, ऐसे नहीं,” हे उठून उभे राहिले.

मॅडमनी एक पिन उचलली, एक बुश उचललं. पिन अर्ध्यात अडकली. दुसरी घेतली, ती आत जाऊन खडखडली. तिसरी शिरलीच नाही. मालक माझ्याकडे बघायला लागला. सगळ्या कार्डांवर माझी सही होती.

हे मात्र शांत. पुढं आले, भिंग घेतलं, ट्रेमधली बुशं उलटी करून खुणा बघितल्या, एका बुशाची पिन शोधून काढली आणि वरून सोडली. ती तशीच उतरली, हळूहळू, निवांत. “देखिए,” हे म्हणाले. “जिसका जोड़ा, उसी में.”

मॅडमनी पिन तळाशी पोचेपर्यंत बघितलं. मग पुन्हा एकदा करायला लावलं. “अंकल, बहुत सुंदर है,” त्या म्हणाल्या. “लेकिन ये नहीं चलेगा.”

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि आवाज न चढवता सांगितलं. आरशावरचा चांदीसारखा थर काही काळानं मंद होतो. म्हणून डोंगरावर आरशाचे तुकडे पाळीपाळीनं उतरवायचे, पुन्हा थर चढवायचा, पुन्हा बसवायचे. हे काम कधी संपतच नाही. तुकडे उतरले की सांगाड्याचे सांधेही खोलायचे, सगळ्या पिना आणि बुशं एकाच टबात धुवायची. वर हवा एवढी विरळ की माणसाचं डोकं नीट चालत नाही, साधी बेरीज चुकते. अशा माणसानं जाडजूड कपडे घालून भिंगातून ठिपके जुळवत बसायचं का? त्यानं हात घातला की जी येईल ती पिन, जे येईल त्या बुशात बसली पाहिजे.

“वहाँ आप तो नहीं होंगे न, अंकल,” मॅडम म्हणाल्या.

“बुला लीजिए,” हे म्हणाले.

इतकं सरळ म्हणाले की मॅडम हसल्या आणि मालकही हसला. मी यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. हे थट्टा करत नव्हते.

लॉट नापास झाला. तीन आठवड्यांत दुसरा दाखवा, तो जमला नाही तर काम दुसरीकडे जाईल, असं सांगून मॅडम गेल्या. जाताना माझ्यापुढे एक फॉर्म ठेवून गेल्या. काय चुकलं आणि पुढं काय करणार, ते इन्स्पेक्टरनं लिहायचं होतं.

घरी येऊन मी हात-पाय धुतले, कणीक मळायला घेतली. हे समोर बसून भेंडी चिरायला लागले, सगळे तुकडे एका मापाचे. ते बघूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“भेंडीला बरोबर माप सापडतं तुम्हाला,” मी म्हटलं. “हातात गेज दिला होता. पहिली पाच गेजवर केलीत. मग सहावीपासून काय झालं? काहून केलं असं?”

हे भेंडी चिरत राहिले.

“अहो, मी विचारून राहिले.”

“गेजवर केलं असतं तर कोणीही लावलं असतं,” हे म्हणाले.

“मग? तेच तर पाहिजे होतं त्यांना.”

“मग मले कोण बोलावते?”

मला आधी कळलंच नाही. मग हे मान खाली घालूनच बोलायला लागले. पहिली पाच झाली, तेव्हा मनात आलं की हे असंच गेलं तर संपलं, डबा बंद, आपला संबंध तुटला. कारखान्यात जे झालं तेच पुन्हा. मग सहाव्या बुशाला गेज न लावता पिनेवरच घासलं, पिनेलाही जरासा हात मारला. जोडी लावली. खूण केली. जोडी म्हटली की कधी ना कधी अदलाबदल होणार, वर काहीतरी अडणार, आणि अडलं की कुणीतरी विचारणार की हे तीन ठिपके कोणाचे. “एक डाव जाऊन आलो असतो,” हे म्हणाले. “पाहून आलो असतो काय आहे ते. मग सगळी बदलून देल्ली असती, फुकटात.”

मला इतका राग आला की कणीक ताटात आपटली. जगभरच्या लोकांनी जीव ओतून एवढी मोठी वस्तू बनवायला घेतली, आणि हा माणूस त्यात मुद्दाम खडा टाकून बसला, कशासाठी, तर एकदा डोंगर बघायला. मालकाचं काम जायची वेळ आली. आणि माझी सही. अडतीस वर्षं मी कुणाच्या तोंडाकडे बघून सही केली नाही, ती यांच्याकडे बघून केली, आणि यांनीच मला तोंडघशी पाडलं. हे सगळं मी बोलले. आणखीही बरंच बोलले.

“तू पकडशीन असं वाटलं होतं,” हे म्हणाले. “रोज वाट पाहत होतो. वाटे, आता गेज लावते, आता आणून टेबलावर ओतते. तू काहीच बोलली नाहीस. मग वाटलं, चलो, होऊन राहिलं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं होतं की कशाचं, मला सांगता येणार नाही. बाकीच्यांचे बर्फातले फोटो बघून हा माणूस तीस-पस्तीस वर्षं “अच्छा, अच्छा” म्हणत राहिला आणि मी, त्याची बायको, जी केसाच्या विसाव्या भागाचा फरक पकडते, मला ते एकदाही दिसलं नाही.

“दुसरा लॉट गेजवर करा,” मी एवढंच म्हटलं.

“म्हणजे कोणी बोलावणार नाही.”

“नाही.”

यांनी भेंडीचं ताट माझ्याकडे सरकवून दिलं.

सकाळी मी फॉर्म भरला. गेज न वापरता जोड्या लावल्या, असं लिहिलं. त्याखाली, इन्स्पेक्टरनं पस्तीस जोड्या न मोजता सही केली, असं लिहिलं आणि माझं नाव घातलं. असं का केलं, एवढं त्या फॉर्मवर विचारलेलं नव्हतं, आणि मी आपणहून सांगितलं नाही. मालकानं वाचलं. त्याला दुसरा फिटर मिळणार नव्हता आणि दुसरी इन्स्पेक्टरही, म्हणून त्यानं आम्हाला ठेवलं. नुसता माझ्या खोलीत येऊन बसायचा थांबला.

दुसऱ्या लॉटला हे बसले ते मान वर न करता. टेकडी बंद झाली. गल्लीत कुणी विचारलं तर “देखते हैं” म्हणून पुढं जायचे. खुणेचा पंच पेटीत टाकून दिला होता. बुश घासायचं, पुसायचं, गेज लावायचा, पुन्हा दोन हात मारायचे, पुन्हा पुसायचं. पिनेला शिवायचंसुद्धा नाही. एकेक बुश ट्रेमध्ये ठेवून हे बाहेरच्या बाहेर जायचे. पिन सोडून दाखवायला एकदाही आत आले नाहीत. मी म्हटलं, “दाखवत नाही का?” तर म्हणाले, “तू मोज ना. तुझं काम आहे.”

मी मोजलं. चाळीसच्या चाळीस, दोन-दोनदा. गेज लावला, मायक्रोमीटर लावला, भिंगातून बघितलं. बाविसावं की तेविसावं बुश हातात होतं तेव्हा माझ्या मनात आलं की यातलं एखादं फसावं. अगदी थोडं. माझ्याही नजरेतून सुटावं, मॅडमच्याही, आणि पुढं कधीतरी वर जाऊन अडावं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आयुष्यभर तपासणी केलेल्या बाईच्या मनात असं येणं म्हणजे काय ते मलाच माहीत. मी गेज लावला. एक टोक गेलं, दुसरं गेलं नाही. बुश मापात होतं. सगळीच मापात होती.

घरून मी एक टब नेला होता. शेवटच्या दिवशी सगळ्या पिना आणि बुशं धुवायच्या द्रवात एकत्र टाकली, हात घालून ढवळली, आणि न बघता एकेक काढून जुळवली. सगळी बसली. हे तेव्हा बाहेर मशीनजवळ उभे होते. काचेतून दिसत होतं. यांनी वळून बघितलं नाही.

मॅडम तिसऱ्या आठवड्यात आल्या. त्यांनी पुन्हा दोन ट्रे मागितले, पुन्हा सगळं ओतलं, पुन्हा हलवलं. एक पिन उचलली, एक बुश उचललं, वर धरलं आणि पिन सोडली. ती उतरायला लागली. हळूहळू, आवाज न करता. मॅडमनी दुसरी घेतली, तिसरी घेतली. मग पिना तशाच ठेवून बुशांची अदलाबदल केली. मग मालकाला डोळे मिटून उचलायला सांगितलं. त्यानं उचलली ती पिनही तशीच उतरली. एका बुशाच्या तळाशी त्यांनी भिंग लावलं, खूण आहे का ते बघितलं. काही नव्हतं. कुणी केलं हे ओळखू येईल असं त्यावर काहीच नव्हतं.

मालकानं कुणाला तरी जिलबी आणायला पिटाळलं. मॅडमनी हातमोजे काढले, माझ्या कार्डावर माझ्या सहीखाली सही केली, आणि मग उठून यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मुलगी भली. तिला मनापासून आनंद झाला होता आणि तो सांगायला हिंदीत शब्द शोधत होती.

“अंकल,” ती म्हणाली, “अब कोई भी लगा लेगा. आपको कभी बुलाना नहीं पड़ेगा.”

आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. मालकानं टाळ्या वाजवल्या.

“जी, मैडम,” हे म्हणाले, आणि हात पुसायला फडकं शोधू लागले. बेंचवर बघितलं, व्हाइसखाली बघितलं, मग खिसे चाचपले. फडकं यांच्या खांद्यावरच होतं. एरवी मी लगेच बोलले असते. मी कार्डं गोळा करत राहिले आणि यांना शोधू दिलं.